हातकामाचे मोल आणि जत्रेची पेठ
(सावंतवाडीच्या चितारी कलेच्या निमित्ताने)

तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वस्तूच्या किमतीचा विचार करताना मागणी आणि पुरवठा यांचे दोन वक्र काढले जातात व ते जेथे छेदतात तेथे किंमत ठरते असे सांगितले जाते. हे विवेचन गहू, कापड किंवा सिमेंट यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु एखाद्या माणसाने आपल्या घराच्या पडवीत बसून स्वतःच्या हाताने घडविलेल्या, रंगविलेल्या आणि स्वतःच जत्रेत नेऊन विकलेल्या वस्तूची किंमत कशी ठरते, हा प्रश्न त्या दोन वक्रांनी सुटत नाही. यंदा आमच्या विभागाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय निवडला आणि अभ्यासासाठी सावंतवाडीची चितारी कला समोर ठेवली. त्या अभ्यासातून हाती आलेले काही विचार प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाची मर्यादा आधीच सांगून ठेवतो. येथे 'स्वतंत्र कारागीर' याचा अर्थ कच्चा माल स्वतः आणणारा, वस्तू स्वतः घडविणारा आणि शक्य तेवढी स्वतःच विकणारा असा घेतला आहे. कारखान्यात रोजावर काम करणारा कुशल कामगार या व्याख्येत येत नाही. त्याचे प्रश्न निराळे आहेत.

चितार आळीची परंपरा

सावंतवाडी हे भोसले घराण्याच्या संस्थानाचे गाव. मोती तलाव, समोरचा राजवाडा आणि बाजारपेठेलगतची चितार आळी या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय या गावाची भेट पुरी होत नाही. चितार आळी हे नावच बोलके आहे. चित्रे काढणाऱ्यांची, रंगकाम करणाऱ्यांची ही आळी. लाकडी फळे व भाज्या, भातुकलीचा संच, पोळपाट-लाटणी, रंगीत पाट, चौरंग, पाळण्यावर टांगायची चिमणाळी, देव्हारे अशा कितीतरी वस्तू येथे दिसतात. लाकडी केळ्यांचा घड किंवा अर्धवट सोललेला फणस दुरून पाहणाऱ्याला खरा वाटतो, इतके त्याचे रंगकाम सफाईदार असते.

या खेळण्यांसाठी परंपरेने पांगाऱ्याचे लाकूड वापरीत. कोकणातील माणसाला पांगारा नव्याने सांगायला नको. कुंपणाला लावलेला, मिरवेल चढविलेला, वसंतात पाने झडून तांबड्या फुलांनी पेटलेला हा वृक्ष. त्याचे लाकूड हलके, मऊ आणि फिकट असते. इमारतीच्या कामाला ते निरुपयोगी. पण ज्याला कापायला, कोरायला, कातायला सोपे आणि मुलाच्या हातात हलके असे लाकूड हवे, त्याला तेच सोयीचे. म्हणजे सुताराने नाकारलेले लाकूड चिताऱ्याने उपयोगात आणले. आता पांगारा पूर्वीसारखा सहज मिळत नाही व आंबा, शिवण अशी अन्य लाकडेही वापरली जातात.

कामाची पद्धत थोडक्यात अशी. लाकूड प्रथम चांगले वाळवावे लागते. ओल्या लाकडाची वस्तू पुढे तडकते आणि रंग सोडते. गोल वस्तू कातकामाने होतात, बाकीच्या करवत, पटाशी आणि कानस यांनी. मग पॉलिशपेपरने घासणे, छिद्रे व भेगा लांबीने बुजवणे, पुन्हा घासणे, आणि त्यानंतर रंग. लाखकामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या वस्तूला टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर पसरते. तिच्यावर केवड्याचे पान दाबून धरले की चकाकी येते. येथे ब्रश नाही, भट्टी नाही; उष्णता वस्तूच्या फिरण्यातूनच निर्माण होते. आज पुष्कळ ठिकाणी लाखेच्या जागी बाजारात मिळणारे तयार रंग आले आहेत. ते लवकर वाळतात आणि वेळ वाचवतात, हे त्याचे कारण. हा वेळेचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

गंजिफा : बुडालेला आणि तगलेला खेळ

चिताऱ्यांच्या हातची दुसरी प्रसिद्ध वस्तू म्हणजे गंजिफा. हे हाताने रंगविलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून भारतात आला. बाबराने 1527 साली सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठविल्याचा उल्लेख बाबराच्या आठवणींत आहे. मोगल गंजिफ्यात आठ रंगांचे 96 पत्ते असत. आपल्याकडे त्याला दशावताराचे रूप मिळाले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण 120 पत्ते. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वराहाला शंख, नृसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय, बुद्धाला कमळ आणि कल्कीला तलवार, अशी खुणांची वाटणी आहे. पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा खेळताना रामाच्या राजापासून आरंभ, रात्री कृष्णाच्या राजापासून. स्मरणशक्तीला एवढा ताण देणारा खेळ आमच्या वसतिगृहातील पत्तेबहाद्दरांना कितपत झेपेल, याची शंकाच आहे!

छापील विलायती पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला. बावन्न पत्त्यांचा छापील जोड अल्प किमतीत मिळू लागल्यावर हाताने रंगविलेला जोड घेणार कोण? सावंतवाडीतही ही कला जवळजवळ संपत आली होती. श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी लक्ष घातले, हयात असलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि 1970 च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना काम देऊन तिला पुन्हा उभे केले. सत्वशीलादेवी स्वतः उत्तम गंजिफा रंगवीत. 2018 साली त्यांचे निधन झाले. राजवाड्यातील काम मात्र चालू आहे.

या इतिहासातून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने घ्यायचा बोध असा की, गंजिफा खेळ म्हणून बुडाली आणि कलावस्तू म्हणून तगली. आज गंजिफा घेणारा बहुधा खेळण्यासाठी घेत नाही. भिंतीवर लावण्यासाठी, भेट देण्यासाठी किंवा संग्रहासाठी घेतो. वस्तू तीच, पण गिऱ्हाईक बदलले. आणि नवे गिऱ्हाईक चितार आळीच्या दारात आपण होऊन येत नाही, त्याला कोठेतरी गाठावे लागते.

विक्रीच्या तीन वाटा

मला कारागिरांच्या मालाच्या तीन वाटा दिसल्या.

पहिली वाट दुकानाची. माल दुकानदाराला रोखीने विकायचा किंवा जांगड ठेवायचा. जांगडीत वस्तू विकली गेल्यावर पैसे, न विकली गेल्यास वस्तू परत. रोखीत भाव कमी मिळतो, जांगडीत पैसे उशिरा मिळतात. घरी लाकूड आणायचे असेल तर कारागीर रोखीचा कमी भाव पत्करतो. यात दुकानदाराला सरसकट दोष देता येणार नाही. जागेचे भाडे, पडून राहिलेला माल आणि पावसाळ्यातील मंदी त्यालाही सोसावी लागते.

दुसरी वाट मोठ्या शहरांतील प्रदर्शनांची. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले व कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याचे नेतृत्व केले, तेव्हापासून कारागिराने शहरातील ग्राहकाला प्रत्यक्ष भेटावे हा विचार देशात रुजत गेला. 1987 पासून हरियाणात भरणारा सूरजकुंड मेळा आणि 1994 साली सुरू झालेले 'दिल्ली हाट' ही त्याची ठळक उदाहरणे. दिल्ली हाटात गाळे कायमचे न देता कारागिरांना ठराविक दिवसांसाठी पाळीपाळीने देण्याची पद्धत ठेवली गेली, ती मला फार महत्त्वाची वाटते. गाळा कायमचा झाला की कारागिराचा दुकानदार होतो. पाळी ठेवली की त्याला परत जाऊन हत्यार हातात धरावेच लागते.

तिसरी वाट आपल्या गावच्या जत्रेची. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय हीच वाट आहे.

जत्रा : एक चालती पेठ

तळकोकणात भात कापून झाले, कार्तिक उजाडला की जत्रा सुरू होतात आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत चालतात. कार्तिकात सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणांची जत्रा, महाशिवरात्रीला कुणकेश्वराची; आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तर तिथीच ठरलेली नसते, ती देवीचा कौल घेऊन ठरते. लहान गावांच्या जत्रा तर अगणित. देवीचे दर्शन, पालखी, खाजे आणि शेंगदाण्याचे लाडू, आणि रात्रभर दशावतारी नाटक. रंगमंचावर ज्या अवतारांची नावे निघतात, तेच अवतार जवळच्या पालातील गंजिफ्यावर दिसतात. कला आणि लोकजीवन यांचे नाते समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

विक्रेत्यांच्या दृष्टीने या जत्रा म्हणजे एकच पेठ आहे. ती फक्त गावोगाव फिरते. आज या गावी शेजारी पाल ठोकलेली माणसे चार दिवसांनी दुसऱ्या गावी पुन्हा शेजारी असतात. मी अशा तीन जत्रांत विक्रेत्यांच्या पालांत बसून पाहिले. तेव्हा काही न लिहिलेले नियम लक्षात आले, ते येथे नोंदवतो.

पहिला नियम जागेचा. गेल्या वर्षी जो जेथे बसला तेथे यंदाही त्याचाच हक्क. जागेची पावती नंतर फाडली जाते. जागा शेजाऱ्यांनी आधीच धरून ठेवलेली असते. एका ठिकाणी दोन पालांमध्ये थोडी रिकामी जागा होती. विचारले तेव्हा कळले की, ती एका खेळणीवाल्या आजीची. ती आजारी होती, तरी संध्याकाळपर्यंत ती जागा कोणी घेतली नाही.

दुसरा नियम भावाचा. शेजाऱ्याच्या पालातून गिऱ्हाईक उठून आले तर त्याला शेजाऱ्याने सांगितलेल्या भावाच्या खाली वस्तू द्यायची नाही. गिऱ्हाईक 'पलीकडे स्वस्त सांगितले' असे म्हणते तेव्हा विक्रेता नुसता हसतो, कारण पलीकडचा भाव त्याला ठाऊक असतो. पुस्तकात ज्याला विक्रेत्यांचा संघटित करार म्हणतात, त्याचे हे अगदी गरीब रूप. श्रीमंत कंपन्यांनी असे केले तर ग्राहकाची लूट होते. येथे मात्र मजुरी तळाला जाऊ नये एवढेच त्याने साधते.

तिसरा नियम मदतीचा. जेवायला किंवा दर्शनाला जाताना पाल शेजाऱ्यावर सोपवायचे. त्याने केलेल्या विक्रीचे पैसे वेगळ्या डब्यात. सकाळी पहिली भवानी झाल्याखेरीज कोणी उधार मागायचे नाही. सुटे पैसे, सुतळी, ताडपत्री, गाडीभाडे ही सगळी देवघेव चालते, तिची कोठे नोंद नसते. बँकेने ज्यांना कर्ज दिले नसते अशी माणसे एकमेकांना पुढच्या जत्रेच्या भरवशावर पैसे देतात. 'तो पुढच्या जत्रेक येतलोच' हे एका काकांचे वाक्य. तारण म्हणून एवढे त्यांना पुरे होते.

चौथी गोष्ट शिक्षणाची. रंग का उडाला, अमुक ठिकाणी वाळलेले लाकूड कोणाकडे आहे, मुलांना यंदा काय आवडते, याची चर्चा रात्री दशावतार रंगात येईपर्यंत चालते. स्त्रियांचा वाटा येथे विशेष दिसला. घरी रंगकाम पुष्कळदा त्याच करतात; जत्रेत आल्यावर कोणता रंग विकला जातो हे त्या स्वतः पाहतात आणि पुढच्या खेपेला तसा बदल करतात. दुकानातून माल गेला की ही माहिती घरापर्यंत पोहोचत नाही.

हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हिशेब समजण्यासाठी मी काल्पनिक आकडे घेतो. ते कोणा एका कारागिराचे नाहीत.

समजा, एका लाकडी खेळण्याला लाकूड 25 रुपये, रंग 20 रुपये आणि पॉलिशपेपर, लांबी वगैरे 15 रुपये, असा 60 रुपयांचा माल लागला. वाळवण्याचा काळ सोडून प्रत्यक्ष हातकामाला अडीच तास लागले. साध्या मजुराची आठ तासांची मजुरी 600 रुपये धरली तर ताशी 75 रुपये होतात. म्हणजे अडीच तासांचे 187 रुपये 50 पैसे. गाडीभाडे व जागेची पावती यांचा त्या खेळण्यावरील वाटा 20 रुपये, फूटतूट आणि न खपलेला माल यांसाठी 15 रुपये. एकूण 282 रुपये 50 पैसे. यात नफा धरलेला नाही आणि कौशल्याचा वेगळा मोबदलाही धरलेला नाही.

गिऱ्हाईक ते खेळणे हातात घेऊन म्हणते, 'दीडशेला द्या.' दीडशे रुपयांतून माल, भाडे आणि तूटफूट यांचे 95 रुपये वजा केले तर अडीच तासांच्या कामाचे 55 रुपये उरतात. ताशी 22 रुपये, आठ तासांचे 176 रुपये! ज्या हाताला शिकायला कित्येक वर्षे लागली, त्याला साध्या मजुराच्या निम्मेही मिळाले नाही. गंजिफ्याचा हिशेब आणखी बोलका आहे. एका पत्त्याच्या रंगकामाला अवघी वीस मिनिटे धरली तरी 120 पत्त्यांचे 2,400 मिनिटे, म्हणजे 40 तास होतात. वरच्याच दराने नुसत्या रंगकामाची मजुरी 3,000 रुपये.

घासाघीस हा आपल्या बाजाराचा जुना धर्म आहे आणि जत्रेची मजाही त्यात आहे, हे मला मान्य आहे. पण कारखान्याच्या मालात घासाघीस झाली तर व्यापाऱ्याचा नफा कमी होतो; हातकामात झाली तर कारागिराच्या ताटातली भाकरी कमी होते. एका पालातील आजोबा गिऱ्हाइकाला शांतपणे एवढेच सांगत होते, 'ह्यां हातान केलेलां असा. हेच्या खाली माका परवडणा नाय.' प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे पाल त्यांच्या समोरच होते आणि तेथे गर्दी होती.

येथेच लाखेच्या जागी तयार रंग का आले याचा उलगडा होतो. भाव वाढवता येत नसेल तर कारागीर वेळ कमी करतो. वेळ कमी केला की कामाची जात उतरते, आणि जात उतरली की भाव आणखी वाढवता येत नाही. हे चक्र फिरत राहिले तर मुलगा एक दिवस म्हणतो, 'मी मुंबईला जातो.' त्याला दोष देणे आपल्याला सोपे आहे. परंतु चितार आळीतील एका तरुणाने मला जो प्रश्न केला, त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'तुम्ही पदवी घेऊन ही कला टिकवा म्हणता, मग तुम्हीच का शिकत नाही?'

सरकार आणि कारागीर

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय घेतले असून त्यांत बाहुल्या व खेळणी बनविणाऱ्यांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे.

दुसरी गोष्ट अधिक लक्षात घेण्यासारखी आहे. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीच्या आदेशानुसार 1 जानेवारी 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच. मात्र चाचणीचा खर्च पडवीत बसून काम करणाऱ्या माणसाला झेपणारा नाही. म्हणून विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्या कार्यालयात नोंदणी केलेल्या कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ओळखपत्र ही आता कारागिराच्या दृष्टीने शोभेची वस्तू राहिलेली नाही. खेळणी विकण्याचा त्याचा हक्क तिच्याशी निगडित आहे. अर्ज भरणे, कागद जोडणे ही कामे ज्याला जमत नाहीत तो कारागीर मागे राहतो. येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना करण्याजोगे पुष्कळ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते साफ करतो, झाडे लावतो. तसे एका शिबिरात कारागिरांचे नोंदणी अर्ज भरून देता येतील.

नावाचा प्रश्न

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. वारली चित्रकला पूर्वी डहाणू परिसरातील आदिवासी घरांच्या भिंतींवर लग्नकार्यात निघे. ती काढणाऱ्या सुवासिनींची नावे कोणी विचारीत नसे. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली, त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार व 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि चित्राखाली माणसाचे नाव आले. नाव आल्यावर भाव आला. चिताऱ्याच्या खेळण्यावर मात्र अजून बहुधा नाव नसते. 'सावंतवाडीचे खेळणे' एवढीच त्याची ओळख, आणि त्या ओळखीचा फायदा बाहेरून माल आणून विकणाराही घेऊ शकतो.

म्हणून मला दोन लहान सूचना कराव्याशा वाटतात. कारागिराने वस्तूच्या तळाशी आपले नाव, गाव आणि साल लिहावे. आणि पालात एक पाटी लावावी : या वस्तूला किती तास लागले. भाव किती हे सांगण्याआधी तास किती हे सांगितले, तर घासाघीस करणाऱ्या माणसाला निदान कशाशी घासाघीस करतो आहोत हे कळेल. यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. ब्रश आणि रंग तर त्यांच्या हातात आहेतच.

जत्रेतील त्या न लिहिलेल्या नियमांनी आजवर या माणसांना सांभाळले आहे. शेजाऱ्याचा भाव पाडू नये, आजारी माणसाची जागा राखावी, पुढच्या जत्रेच्या भरवशावर उधार द्यावे, हे शहाणपण कोणत्याही विद्यापीठाने त्यांना शिकवलेले नाही. पण एका बाबतीत हे नियम अपुरे आहेत. ते विक्रेत्यांना बांधतात, गिऱ्हाइकाला बांधत नाहीत. गिऱ्हाइकाचा नियम गिऱ्हाइकानेच करावयाचा असतो, आणि येत्या कार्तिकात जत्रेला जाणारे आपण सारे गिऱ्हाईकच आहोत.